धुकेदिवे, जुन्या मोटारींवरील

धुकेदिवे, जुन्या मोटारींवरील : धुके, घाटात उतरलेले ढग, मुसळधार पाऊस, हिमवर्षाव किंवा धूळ यांत गाडीच्या लगत पुढचा रस्ता व त्याच्या कडा दिसाव्यात म्हणून बंपरवर वा बंपरखाली बसवलेले दोन दिवे. बोलण्यात सर्रास ‘फॉग लाइट’. अलीकडच्या अनेक मोटारींत ते कारखान्यातूनच बसवून येतात. प्रस्तुत नोंद अँबॅसडर, फियाट ११०० व तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी अशा गाड्यांपुरती आहे, कारण त्यांच्या मूळ वायरिंगमध्ये या दिव्यांसाठी सहसा तरतूद नसते.

हेडलाइटचा प्रकाश धुक्यातील थेंबांवर विखुरतो व त्याचा काही भाग चालकाच्याच डोळ्यांकडे परततो. अप्पर लावल्यास दिसायचे तेवढेही दिसेनासे होते. धुकेदिव्याचा झोत आडवा, रुंद व चपटा असतो आणि त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असते. दिवा जितका खाली, तितका चालकाची नजर व झोत यांमधला कोन मोठा आणि परतणारा प्रकाश कमी. दूरचे दाखवणे हे या दिव्याचे काम नव्हे.

हे दिवे प्रथम कोणी बसवले याविषयी एकवाक्यता नाही. १९३८ च्या कॅडिलॅकला मान देणारा उल्लेख वारंवार आढळतो. तो कारखान्यातून मिळणाऱ्या सोयीपुरता खरा मानता येईल; सुटे दिवे विकत घेऊन बंपरवर लावण्याची पद्धत त्याआधीची दिसते.

रंगाचा वाद अधिक जुना व चिवट आहे. पिवळा प्रकाश धुके ‘भेदतो’, हा समज ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांच्या प्रकीर्णन-नियमावर (प्रकाश विखुरण्याच्या नियमावर) बेतलेला आहे. त्या नियमानुसार विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून निळा प्रकाश सर्वाधिक विखुरतो. पण कण तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असतील तरच हा नियम लागू पडतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०·४ ते ०·७ मायक्रोमीटर. धुक्याचे थेंब बहुधा काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर. अशा थेंबांवर सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. तसे नसते तर धुके पांढरे दिसलेच नसते. फ्रान्समध्ये १९३६–३७ च्या सुमारापासून सर्वच मोटारींच्या हेडलाइटना पिवळा रंग सक्तीचा झाला, तो यूरोपीय नियमांशी मेळ घालताना १९९३ मध्ये सुटला. युद्धकाळात जर्मन वाहनांपासून फ्रेंच वाहने वेगळी ओळखता यावीत हे त्यामागचे कारण, अशी आख्यायिका आहे. चकाकी कमी करण्याचे कारण अधिक संभाव्य वाटते. निळा-जांभळा भाग गाळलेला प्रकाश डोळ्यांना कमी टोचतो, असे पिवळ्याचे समर्थक म्हणतात व त्यात तथ्य असावे. मात्र पिवळ्या काचेत दहा-पंधरा टक्के प्रकाश खर्ची पडतो. झोताची वरची कड व दिव्याची उंची यांपुढे रंग दुय्यम, हे मत ग्राह्य धरण्यास हरकत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांना पांढरा व पिवळा दोन्ही चालतात.

त्याच नियमांनुसार मोटारीवरील दिवा जमिनीपासून २५० ते ८०० मिमी. उंचीत व हेडलाइटच्या डीम झोतापेक्षा वर नसावा आणि गाडीच्या बाहेरील कडेपासून ४०० मिमी.पेक्षा आत नसावा. जुन्या गाड्यांचा क्रोमचा बंपर याला सोयीचा असला, तरी ब्रॅकेट पातळ पत्र्याचे असल्यास झोत थरथरतो. जाड पट्टी घेऊन ती बंपरच्या आतल्या आधारालाच आवळणे बरे.

जोडणीत खरा प्रश्न विद्युत प्रवाहाचा. १२ व्होल्टवर ५५ वॉटचे दोन हॅलोजन बल्ब सुमारे ९ अँपिअर ओढतात. डॅशबोर्डवरील जुन्या स्विचला हा भार पेलत नाही आणि बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडते. १ चौ. मिमी. तांब्याच्या वायरमधून हा प्रवाह ५ मी. नेल्यास सुमारे ०·८ व्होल्ट वाटेतच जातात, २·५ चौ. मिमी.मध्ये ०·३ च्या आसपास. व्होल्टेज दहा टक्के घटले की प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो, त्यामुळे ‘बल्ब चांगला नाही’ ही तक्रार पुष्कळदा वायरची असते.

म्हणून रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच, लागतो. रिलेच्या पायांच्या प्रचलित जर्मन अंकनानुसार ३० ला बॅटरीकडून थेट वायर येते व तीवर बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज असतो. ८७ वरून दोन्ही दिव्यांना पुरवठा जातो. ८६ ला स्विचकडून येणारी वायर आणि ८५ ला अर्थ. स्विचला पुरवठा पार्किंग लाइटच्या वायरवरून घेतात, म्हणजे हेडलाइट बंद ठेवूनही धुकेदिवे लावता येतात आणि पार्किंग बंद केल्यावर ते चुकून चालू राहत नाहीत. पाच पायांच्या रिलेत मधला पाय ८७ए असू शकतो. दिव्यांची वायर त्यावर लागली, तर स्विच बंद असताना दिवे पेटलेले व चालू केल्यावर विझलेले, असा प्रकार होतो. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या रिलेवर हे अंक नसतात. तेथे सी१, सी२ हे संपर्क आणि डब्ल्यू१, डब्ल्यू२ ही गुंडाळीची टोके. लुकासच्या काचनळीच्या फ्यूजवरील ३५ हा आकडा वितळण्याचा असतो, सतत वाहण्याची मर्यादा सुमारे १७ अँपिअर. आजच्या फ्यूजवरील आकडा सतत वाहण्याचा असतो, म्हणून बाजारातला आजचा ३५ चा फ्यूज त्याजागी घालणे योग्य नाही.

अर्थिंग रंगावर किंवा गंजावर कधीही घेऊ नये. पत्रा चकचकीत होईतो खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा व वर पेट्रोलियम जेली लावावी. एक दिवा मंद आणि तो लावताच शेजारचा बंद असलेला बल्ब अंधुक उजळतो, हे अर्थ तुटल्याचे नेहमीचे लक्षण. प्रवाह दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट शोधत असतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. त्या घराण्यातील जुन्या गाडीवर काम करताना आधी बॅटरी पाहावी, कारण अशा गाडीत नेहमीच्या पद्धतीने जोडल्यास एलईडी दिवा उलटा जोडला जातो आणि डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) असलेला रिले जळू शकतो.

इंजिनावर फिरून वीज पुरवणाऱ्या जुन्या डायनामोची मर्यादा निराळी. लुकासचा सी४० डायनामो जेमतेम २२ अँपिअर देतो, तोही इंजिन वेगात असताना. आयडलिंगला जवळपास काहीच नाही. आंबोली किंवा कसारा घाटात पावसाळी धुक्यात गाडी हळू चालते, वायपर व दिवे सारेच चालू, आणि भार बॅटरीवर येतो. डायनामोऐवजी कमी वेगातही पुरेशी वीज देणारा अल्टरनेटर असलेल्या गाड्यांत ही अडचण फारशी उरत नाही.

झोत जुळवताना गाडी सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा भरून भिंतीसमोर उभी करतात. अमेरिकी पद्धतीत २५ फुटांवर (७·६ मी.) वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ४ इंच (सुमारे १० सेंमी.) खाली यावी, जर्मन पद्धतीत १० मी.वर २० सेंमी. दुसरी अधिक उतरती असल्याने घाटरस्त्यांना बरी.

मागील धुकेदिवा लाल व सहसा २१ वॉटचा असतो. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८० पासून प्रथम वापरात आलेल्या मोटारींना तो सक्तीचा आहे. जुन्या गाडीवर तो नंतर बसवल्यास ब्रेकलाइटपासून किमान १०० मिमी. दूर ठेवतात.