इन्फिनिटी कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स विरुद्ध ओकी डेटा अमेरिकाज

अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाली काढलेले पेटंटविषयक अपील. फॅक्स यंत्र संगणकाला जोडून त्याचाच स्कॅनर आणि प्रिंटर म्हणून वापर करण्यासंबंधीच्या, इन्फिनिटीच्या पेटंट क्र. ६८९४८११ मधील वादग्रस्त दावे (शोधाची हद्द सांगणारी कलमे) संदिग्धतेमुळे अवैध ठरले.

फॅक्समध्ये कागद वाचणारा आणि छापणारा असे दोन्ही भाग असतातच. ग्रुप ३ या मानकाचे नेहमीचे फॅक्स यंत्र एका ओळीत १७२८ ठिपके वाचते. 'फाइन' या बारीक दर्जाच्या सेटिंगवर इंचाला सुमारे २०० ओळी. घरगुती कामाला एवढे पुरेसे. अडचण असते ती जोडणीत. फॅक्स आणि संगणकाचा मोडेम (फोनलाइनवरून माहिती पाठवणारे उपकरण) आरजे-११ या टेलिफोन केबलने थेट जोडले, तर टेलिफोन एक्स्चेंजकडून येणारा सुमारे ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा, डायल टोन, घंटी यांपैकी काहीच मिळत नाही. म्हणून मोडेमला डायल टोनची वाट न पाहण्याची आज्ञा द्यावी लागते आणि फॅक्सचे स्टार्ट बटण हाताने दाबावे लागते. काही यंत्रे लाइनमध्ये करंट नसला की तरीही दाद देत नाहीत.

खटला अडला तो फॅक्स आणि संगणक यांमधल्या जोडणीसाठी दाव्यांत वापरलेल्या 'पॅसिव्ह लिंक' (निष्क्रिय जोडणी) या शब्दांवर. पेटंट कार्यालयातल्या मूळ तपासणीत पर्किन्सच्या जुन्या पेटंटपासून वेगळेपण दाखवताना अर्जदाराने सांगितले की आपली जोडणी संगणकाच्या आय/ओ बसपर्यंत (माहिती आत-बाहेर नेणाऱ्या अंतर्गत मार्गापर्यंत) जाते आणि मध्ये कोणतेही सर्किट येत नाही. पर्किन्सचे सर्किट संगणकाच्या पेटीत बसवले तरी ते 'मध्ये'च मोजायचे, असा त्याचा अर्थ. पुढे फेरतपासणीत केनमोचीच्या पेटंटवर मात करायला त्याच्याही आधीची तारीख हवी होती. ती मूळ अर्जाच्या आधारे मिळणार होती. पण त्यातल्या आकृत्यांमध्ये फॅक्स मोडेम संगणकाच्या आत होता. तेव्हा आरजे-११ केबल हीच पॅसिव्ह लिंक, ती संगणकाच्या पोर्टपाशी संपते आणि आतला मोडेम हा संगणकाचाच भाग, अशी भूमिका घेतली गेली.

पेटीतले सर्किट एकदा जोडणीत, एकदा संगणकात! डेलावेअरच्या जिल्हा न्यायालयाने या विसंगतीमुळे दावे संदिग्ध ठरवले आणि न्यायमूर्ती प्रोस्ट यांनी लिहिलेल्या निकालात फेडरल सर्किटने तो निर्णय कायम केला. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नॉटिलस निकालानुसार त्या क्षेत्रातल्या जाणकाराला दाव्याची व्याप्ती वाजवी खात्रीने कळली पाहिजे. इथे जोडणीचे टोक ठरेना, त्यामुळे 'संगणक' हा साधा शब्दही संदिग्ध ठरला.