जिन्याचं दार आपोआप का लागतं

गिरगाव-लालबागच्या चाळींत फायर डोअर, म्हणजे आग-धूर अडवणारं दार, नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. खोलीबाहेर उघडी गॅलरी, त्यामुळे धूर झाला की सरळ आभाळात. जिना लाकडी, तो पेटायची भीती होतीच. पण धूर कोंडायला जागा नव्हती. टॉवर उभे राहिले तसा जिना चार भिंतींत बंद झाला. असा जिना म्हणजे वीस-तीस मजल्यांचं धुराडंच. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली आणि चारजण धुरानं गुदमरून गेले. धुराला मजल्यावरच अडवायचं तर जिन्याचं दार लागलेलं हवं, आणि जीव घेऊन पळणारा माणूस मागे वळून दार लावत नसतो.

हे काम ज्या क्लोजरवर, म्हणजे दार आपोआप लावणाऱ्या यंत्रावर आलं, त्याचा जन्म आगीसाठी झालाच नव्हता. १८७० च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चमध्ये दारं धाडकन आपटू नयेत म्हणून ल्युइस नॉर्टननं हवेवर चालणारा अडसर बसवला. पुढे हवेची जागा तेलानं घेतली. दार उघडताना आतली स्प्रिंग दाबली जाते. सोडलं की ती दार ओढते आणि बारीक छिद्रांतून सरकणारं तेल तिला आवरतं. नुसती स्प्रिंग आपल्याकडे जाळीच्या दारांना होतीच. ज्याची टाच एकदा त्यात सापडली त्याला तेलाची किंमत सांगायला नको.

आपल्याकडे फायर चेक डोअरचं भारतीय मानक १९६६ मध्ये आलं, राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० मध्ये. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा. त्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, द्यावा लागतो. कमिटीवाल्यांची धावपळ पंप आणि होजसाठी. क्लोजरकडे कोण बघतो?

घोळ होतो तो खरेदीतच. युरोपीय मानकात क्लोजरचे १ ते ७ असे आकार आहेत आणि फायर डोअरला किमान ३ लागतो, म्हणजे साधारण ९५० मिमी रुंद, ६० किलोचं दार. त्याहून जड पल्ल्याला ४ नंबर. आमच्या सोसायटीत कंत्राटदारानं सगळीकडे एकच स्वस्तातला लावला होता. सातव्या मजल्यावरचं दार चौकटीपाशी येऊन दोन बोटं उघडं राहायचं. लॉबीची खिडकी उघडी असली की खाडीकडचा वारा त्याला टेकूच द्यायचा.

क्लोजरच्या टोकाला दोन स्क्रू असतात. एक पूर्ण फिरण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या काही अंशांतला, लॅच बसवणारा झटका. दुसरा पाव फेरा सैल केला आणि दार 'खट्' करून बसलं. पाव फेराच, जोशात स्क्रू बाहेर काढला तर तेल गळतं, मग क्लोजर बदलण्यावाचून इलाज नाही. नवव्या मजल्यावर तसंच झालं होतं, पल्ल्यावर तेलाचा काळा ओघळ अजून आहे. बाराव्यावर स्क्रू फिरवूनही दार बसेना, तिथे ४ नंबरचा आणावा लागला.

दुसऱ्या दिवशी सातव्यावर दाराखाली वीट दिसली. समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो, कचरेवाला दोन्ही हातांत डबे घेऊन येतो, त्याला दार ढकलवत नाही."