लिंकनला आलेली पत्रं: खासगी पत्र वेगळं, खुलं पत्र वेगळं

अब्राहम लिंकनला सामान्य लोकांनी लिहिलेली पत्रं असा विषय निघाला की ११ वर्षांच्या ग्रेस बेडेलचं दाढी ठेवायला सांगणारं पत्र आणि होरेस ग्रीलीचं गुलामगिरीवरचं पत्र एकाच यादीत शेजारी शेजारी येतात. गल्लत होणं साहजिक आहे, कारण दोन्हींवर नाव लिंकनचंच आहे आणि दोन्ही त्याच्याकडे काहीतरी मागतात. पण पहिलं खासगी पत्र आहे आणि दुसरं खुलं पत्र, आणि हा फरक धरला नाही तर लिंकनच्या एका उत्तराचा पार चुकीचा अर्थ निघतो, जो आजही सर्रास फॉरवर्ड होतो.

आधी खुलं पत्र घेऊ. तेव्हा लिंकन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता आणि संघराज्य (युनियन) आणि त्यातून फुटलेली दक्षिणेची बंडखोर राज्यं यांच्यात यादवी युद्ध चालू होतं. ग्रीली हा न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा संपादक, म्हणजे त्या काळातला फार वजनदार माणूस. २० ऑगस्ट १८६२ ला त्याने आपल्याच पेपरात ‘दोन कोटींची प्रार्थना’ अशा मथळ्याखाली लिंकनच्या नावाने पत्र छापलं, की बंडखोरांच्या गुलामांना मुक्त करायचा कायदा काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) केलाय आणि तुम्ही तो नीट राबवत नाही आहात. त्याला लिंकनला फक्त हे सांगायचं असतं तर पाकिटात घालून पाठवता आलं असतं ना, पण त्याला लाखो वाचकांसमोर लिंकनला उभं करायचं होतं. लिंकननेही ते बरोबर ओळखलं, दोनच दिवसांत २२ ऑगस्टला उत्तर लिहिलं आणि ते वॉशिंग्टनच्या नॅशनल इंटेलिजेन्सरमध्ये छापून आलं.

त्यातलं एक वाक्य प्रसिद्ध आहे, की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आलं तर मी तसं करेन. हे वाक्य दाखवून लोक म्हणतात, बघा, लिंकनला गुलामांचं काही पडलेलं नव्हतं. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण हे कुणाच्या कानात सांगितलेलं मन नाहीये, छापण्यासाठी तोलून लिहिलेला मजकूर आहे आणि त्यावेळी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा (म्हणजे बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या हुकमाचा) मसुदा तयार होता, २२ जुलैलाच त्याने तो मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता, फक्त रणांगणावर एखादा विजय मिळेपर्यंत थांबायचं ठरलं होतं. गुलामगिरीच्या बाजूने असलेली पण युनियन न सोडलेली राज्यं बिथरू नयेत म्हणून वाचकांना आधीच तयार करणं चाललं होतं. शिवाय त्याच उत्तराच्या शेवटी तो लिहितो की सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा आहे आणि ती मी बदलत नाहीये. ते शेवटचं वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच नसतं! पुढे २२ सप्टेंबरला जाहीरनामा घोषित झाला आणि १ जानेवारी १८६३ ला लागू झाला.

आता खासगी पत्र. याला कुणी प्रेक्षक नसतो आणि याची पहिली अडचण म्हणजे ते त्या माणसापर्यंत पोचायलाच हवं. लिंकनच्या ऑफिसात निकोले, जॉन हे आणि स्टोडर्ड असे तिघे सेक्रेटरी टपाल फोडायचे, चाळायचे, बरंचसं संबंधित खात्याकडे पाठवून द्यायचे. जॉन हे याने नंतर लिहिलंय की आलेल्या पन्नासातलं एकही पत्र लिंकन वाचत नसे. ग्रेसचं १८६० चं पत्र लिंकन अजून राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार असतानाचं, त्याला त्याने स्वतः उत्तर दिलं आणि वर ‘खासगी’ असं लिहिलं. त्याच ग्रेसने १८६४ मध्ये घरची परिस्थिती ढासळल्यावर वॉशिंग्टनच्या ट्रेझरी खात्यात नोकरी मिळेल का असं विचारणारं पत्र पाठवलं, ते सरकारी कागदांत दबून राहिलं आणि २००७ मध्ये सापडलं. दाढीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, हे दुसरं पत्र मात्र फार कमी लोकांना माहीत असतं.

माझ्या मते सगळ्यात मोलाची पत्रं आहेत ती कृष्णवर्णीय सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची. मेरीलँडमधून ॲनी डेव्हिस नावाच्या बाईने २५ ऑगस्ट १८६४ ला अगदी मोजक्या ओळींत विचारलं, की मला माझ्या माणसांना भेटायला जायचंय, मालकीण जाऊ देत नाही, तर आम्ही मुक्त आहोत की नाही ते कळवा. प्रश्न अगदी खरा होता, कारण मेरीलँड युनियनमध्येच राहिल्यामुळे जाहीरनामा तिथे लागूच नव्हता, तिथली गुलामगिरी १ नोव्हेंबर १८६४ ला राज्याच्या नव्या घटनेने संपली.

आणि एक माणूस असा आहे की ज्याने दोन्ही प्रकार लिहिले. कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग, ५४ वी मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय पलटणीतला. तो आघाडीवरून न्यू बेडफर्डच्या पेपरला नियमित पत्रं पाठवायचा, ती गावाने वाचावीत म्हणून. पण २८ सप्टेंबर १८६३ ला पगाराबद्दल त्याने थेट लिंकनला लिहिलं. गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर आणि वर कपड्यांचा भत्ता, यांना १० डॉलर आणि त्यातूनही ३ कापलेले. आम्ही सैनिक आहोत की मजूर, असा त्याचा सरळ सवाल. काँग्रेसने समान पगार मंजूर केला जून १८६४ मध्ये, तोवर गुडिंग जखमी होऊन शत्रूच्या कैदेत गेला होता आणि जुलैमध्ये अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत वारला.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या कामगारांचं पत्र मात्र मधलं आहे, ३१ डिसेंबर १८६२ च्या जाहीर सभेत ठरलेलं. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने तिथल्या गिरण्या ठप्प, लोक उपाशी, तरी पाठिंबा लिंकनला (त्याच टंचाईत इकडे मुंबईचे कापूस व्यापारी गब्बर होत होते). मी ते खुल्या पत्रातच धरतो, कारण ते आणि लिंकनचं उत्तर दोन्ही जगाने वाचावं म्हणूनच लिहिलेलं.

कुणाला मुळातून वाचायची असतील तर शोधायची जागाही वेगवेगळी आहे. ग्रीलीचं पत्र जुन्या पेपरांत मिळतं. लिंकनने जपलेले कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, मुलाच्या अटीमुळे ते १९४७ पर्यंत बंद होते, आता ऑनलाइन बघता येतात. ॲनी आणि गुडिंगची पत्रं मात्र तिथे नाहीत, ती युद्धखात्याकडे पाठवली गेली होती, त्यामुळे ती नॅशनल अर्काइव्हजमध्ये कृष्णवर्णीय पलटणींच्या फायलींत आहेत.