आकडीवरचं औषध आणि सत्तर वर्षांचा उशीर

गरोदर बाई तपासणीला आली की तक्रार नसतानाही तिचं बीपी मोजतात आणि लघवी तपासतात. कित्येक घरांत हा नुसता सोपस्कार वाटतो. 'पायावर सूज येतेच' म्हणून तपासणी चुकवलीही जाते. पण गरोदरपणात रक्तदाब चढून जे झटके येतात, त्या आकडीची (एक्लॅम्पसिया) आधीच चाहूल देणाऱ्या या दोन तपासण्या हाती यायला फार काळ गेला आणि तोवर असंख्य बाळंतिणी दगावल्या.

पहिलटकरणींना आकडी जास्त येते, हे सतराव्या शतकात फ्रान्समधल्या फ्रांस्वा मोरिसो यांनी नोंदवलं होतं. उपाय मात्र शीर कापून रक्त काढण्याचा. १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर यांना आकडी आलेल्या बायकांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन सापडलं. रक्तदाबाचा धागा जुळायला आणखी अर्धं शतक लागलं. १८९६ मध्ये इटलीत रिवा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचं यंत्र केलं. पुढच्याच वर्षी वाकेज आणि नोबेकूर या फ्रेंच डॉक्टरांनी आकडीच्या रुग्णांचा रक्तदाब चढलेला असतो हे दाखवलं. आज विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून जास्त बीपी आलं की डॉक्टर सावध होतात, १६०/११० ला तातडीने उपचार करतात.

मला खरी वेदनादायक वाटते ती औषधाची गोष्ट. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे प्रसूतिगृहातलं 'मॅगसल्फ', हे अगदी स्वस्त क्षार. अमेरिकेत १९२० च्या दशकातच ते आकडीसाठी शिरेतून आणि स्नायूत दिलं जात होतं. डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलमध्ये जॅक प्रिचर्ड यांनी १९५५ पासून त्याची ठरावीक पद्धत बसवली आणि १९८४ मध्ये २४५ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांतली एकच बाई दगावली होती. तरीही ब्रिटनमध्ये डायझेपाम हे गुंगीचं आणि फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध, यांवरच भिस्त राहिली. आपल्याकडे मद्रासच्या कृष्ण मेनन यांचं गुंगीच्या औषधांचं मिश्रण, 'लायटिक कॉकटेल', बरीच वर्षं चाललं. हाताशी होतं त्यातून त्यांनी बायका वाचवल्या, हे विसरता कामा नये.

वाद मिटला तो १९९५ मध्ये. भारतासह अनेक देशांतल्या सुमारे १,७०० स्त्रियांवरच्या चाचणीत मॅगसल्फमुळे पुन्हा आकडी येण्याचा धोका डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी झाला. २००२ च्या 'मॅगपाय' चाचणीत, ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांमध्ये, आकडी येण्याआधीच ते दिलं तर तिचा धोका निम्म्याहून कमी होतो हे दिसलं. स्वस्त औषधाची बाजू मांडायला कुणी धडपडत नाही. हा उशीर त्यामुळेही झाला, असं मला वाटतं.

प्रिचर्ड यांची मात्रा अमेरिकन बायकांच्या बांध्याला धरून होती. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतीय स्त्रियांसाठी कमी मात्रेची पद्धत मांडली. याला महत्त्व आहे, कारण औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणूनच पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याखाली टिचकी मारून पाय उडतो का ते पाहतात, श्वास मोजतात, लघवी किती झाली ते बघतात आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवतात. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम सिस्टरनेही (गावपातळीवरची सरकारी परिचारिका) द्यावा, अशी मुभा सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे.

या आजाराचं मूळ कारण अजून पुरतं उलगडलेलं नाही. वारेकडे जाणाऱ्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत, हे १९७० च्या दशकात कळलं. अशा वारेतून आईच्या रक्तवाहिन्यांना अपाय करणारं एक प्रथिन जास्त प्रमाणात सुटतं, हे २००३ मध्ये बोस्टनमध्ये अनंत करुमांची यांच्या गटाने दाखवलं. वार पडली की आजार ओसरू लागतो, पण लगेच नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांतही आकडी येऊ शकते. तेव्हा सतत डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीखाली कळ आली, तर सव्वा महिना व्हायची वाट न पाहता बाळंतिणीला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं.