जुनाट पाठदुखी असलेल्या स्त्रियांसाठी बोधनिक-वर्तन पुनर्वसन

बोधनिक-वर्तन पुनर्वसन म्हणजे विचार आणि वागणे या दोन्हींवर काम करून, पाठदुखीने आखडून गेलेले रोजचे जगणे पुन्हा सुरू करून देणारी उपचारपद्धती. व्यायाम, मानसोपचार आणि कामावर परतण्याची तयारी हे सारे तीत एकत्र चालते. दुखणे 3 महिन्यांहून अधिक टिकले की ते जुनाट मानतात. अस्थिभंग, जंतुसंसर्ग, कर्करोग किंवा मज्जातंतूंवरचा गंभीर दाब नाही, याची खात्री डॉक्टरांनी आधी करून घ्यावी लागते. 2020 मध्ये जगभरात सुमारे 62 कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त होती.

वेदनेचे अभ्यासक रोनल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, वेदनेचे संदेश मज्जारज्जूत कमीजास्त होतात आणि त्यावर मेंदूचाही ताबा चालतो. म्हणून एमआरआयमध्ये दिसणारे बदल आणि प्रत्यक्ष त्रास यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. दुखणे खरेच असते. ‘मनाचे खेळ’ म्हणून ते झटकणे हा रुग्णावर अन्याय आहे. याच सुमारास अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी वेदनेभोवतीच्या वर्तनावर उपचार सुरू केले. पुढे या उपचारांना विचारांवरच्या कामाची जोड मिळाली.

‘वाकले की मणका सरकेल’ ही भीती बसली की बाई वाकणे टाळते, स्नायू दुबळे होतात आणि थोड्या हालचालीनेही दुखते. त्यामुळे भीती आणखी वाढते. दुसरीकडे, जरा बरे वाटले की साठलेली धुणी, झाडलोट, बाजार सगळे एका दिवसात उरकायचे आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचे, हेही नेहमीचे. पुनर्वसनात या दोन्ही सवयी मोडाव्या लागतात. ओट्याशी 10 मिनिटे उभे राहिल्यावर कळ येत असेल, तर सुरुवातीला 8 मिनिटांनीच बसायचे, बरे वाटत असले तरी. ही वेळ ठरलेल्या बेताने वाढवत न्यायची. ज्या हालचालीची धास्ती आहे ती थेरपिस्टच्या देखरेखीखाली करून पाहायची आणि मणका सरकत नाही हे स्वतः अनुभवायचे. झोप, ताण आणि घरच्यांकडे मदत मागण्याचा संकोच यांवरही काम होते.

स्त्रियांच्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा स्वीडनचा आहे. तेथे आयरीन येन्सेन आणि सहकाऱ्यांनी पाठ किंवा मान दुखत असल्याने आजारपणाच्या रजेवर असलेल्या 214 जणांचे चार गट केले. एकाला वर्तनाधारित फिजिओथेरपी, दुसऱ्याला बोधनिक-वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्हींचा पूर्णवेळ कार्यक्रम आणि चौथ्याला नेहमीचे उपचार मिळाले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 18 महिन्यांनंतरचा फायदा स्त्रियांमध्ये दिसला. पुरुषांमध्ये तसा दिसला नाही. 3 वर्षांनंतरही पूर्णवेळ कार्यक्रम केलेल्या स्त्रियांची तब्येत आणि कामावर परतण्याचे प्रमाण सरस होते. असे का झाले, याचे उत्तर त्या आकड्यांतून मिळत नाही. मात्र नोकरी आणि घर असा दुहेरी भार वाहणाऱ्या बाईला नुसती व्यायामाची यादी पुरत नाही, हे मान्य करायलाच हवे.

या उपचाराने वेदना पूर्ण थांबेल असे आश्वासन देता येत नाही. वेदनेच्या तीव्रतेतली घट बहुधा माफकच असते. यशाचे माप हालचाल, झोप, मनःस्थिती आणि काम यांवर घेतात. अनेक तज्ज्ञांचा चमू लागत असल्याने कार्यक्रम खर्चिक ठरतो. स्वीडनने मात्र पाठ, मान आणि खांदेदुखीसाठी असे एकत्रित पुनर्वसन सरकारी योजनेत आणले.