पीओ फाइल परत का येते: मराठी भाषांतरकारांसाठी माहिती

ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या बऱ्याच प्रोग्रॅमांतील संदेश गेटटेक्स्ट या भाषांतरे पुरवणाऱ्या लायब्ररीतून मराठीत येतात आणि त्यांची भाषांतरे ट्रान्सलेशन प्रोजेक्ट ही स्वयंसेवी व्यवस्था गोळा करते. पात्रतेला पदवी लागत नाही. भाषेच्या गटात नाव नोंदवावे, प्रोग्रॅम आपल्या नावावर करून घ्यावा, पीओ फाइल (मूळ संदेश आणि त्यांची भाषांतरे जोडीने ठेवणारी फाइल) भरून रोबोच्या, म्हणजे फाइली आपोआप तपासून घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ईमेल पत्त्यावर पाठवावी.

अडते ते कागदावर. काही प्रोग्रॅमांसाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे भाषांतरावरील हक्क सोडत असल्याचे सही केलेले पत्र आधी द्यावे लागते आणि ते नोंदलेले नसेल तर रोबो फाइल स्वीकारत नाही. ही अट सगळ्या प्रोग्रॅमांना नाही, म्हणूनच ती नजरेतून सुटते. काम हाती घेण्यापूर्वीच ती तपासावी, कारण शेकडो संदेश भाषांतरित केल्यावर ती कळणे फार महागात पडते.

दुसरी अडचण शीर्षनोंदीची, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीची. अनेकवचनाच्या ओळीत साच्यातील मजकूर तसाच राहतो. मराठीसाठी तेथे दोन रूपे असून, संख्या एक नसेल तेव्हा दुसरे, असा नियम भरावा. एनगेटटेक्स्ट हे फंक्शन याच नियमाने रूप निवडते, म्हणून ‘1 फाइल काढली’ आणि ‘5 फाइली काढल्या’ ही दोन्ही वाक्ये क्रियापदासह पूर्ण लिहावीत, नुसते नाम बदलून भागत नाही.

सर्वांत घातक चूक क्रमाची. ‘अमुक फाइलमधील तमुक ओळ’ असे मराठीत लिहिताना इंग्रजीत आधी आलेला ओळीचा आकडा मागे जातो; टक्केचिन्हांच्या खुणा (आकडा किंवा नाव जेथे बसते त्या जागा) नुसत्या मागेपुढे केल्या, तर आकड्याच्या जागी अक्षरे वाचायला जाऊन प्रोग्रॅम कोसळू शकतो. टक्केचिन्हानंतर 1 किंवा 2 आणि डॉलरचे चिन्ह घालून क्रम सांगावा, आणि पाठवण्यापूर्वी एमएसजीएफएमटी हे पीओ फाइलची बांधणी करणारे साधन तपासणीच्या पर्यायासह चालवावे. एवढे केले तरी निम्मा मनस्ताप वाचतो.

‘फझी’ (अंदाजे जुळवलेले, तपासायचे बाकी) ही खूण राहिलेले संदेश फाइलमध्ये भाषांतरित दिसतात, पण नेहमीच्या रीतीने बांधणी करताना ते वगळले जातात आणि गेटटेक्स्ट मूळ इंग्रजी वाक्य परत देते. मूळ वाक्य आणि भाषांतर जुळते का, हे नीट वाचून मगच खूण काढावी. सरसकट काढू नये.

मुदतीची ठरावीक तारीख नसते. प्रोग्रॅमची आवृत्ती बाहेर पडताना जी फाइल पोहोचलेली असेल तीच तिच्यात जाते, उशिरा आलेली पुढील आवृत्तीची वाट पाहते.