थिजलं म्हणजे शुद्ध? खोबरेलाबद्दलचा खुलासा

डिसेंबरातल्या पहाटे गोव्यातल्या वाळपई-साखळीकडे गारठा पडला की खोबरेलाची बाटली पांढरी होते आणि घरोघरी तोच निवाडा ऐकू येतो: ‘थिजलं, म्हणजे अस्सल!’

ही कसोटी अपुरी आहे. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या आसपास थिजू लागतं. त्यातल्या मेदाम्लांपैकी (तेल ज्या आम्लांपासून बनतं ती) जवळजवळ निम्मं एकटं लॉरिक आम्ल असतं, आणि अशा संतृप्त (दुहेरी बंध नसलेल्या) मेदाम्लांच्या सरळ साखळ्या एकमेकींना खेटून सहज रचल्या जातात, म्हणून तेल घट्ट होतं. पण पामच्या बियांच्या तेलातही लॉरिक आम्ल भरपूर असतं. ते मिसळलं तरी बाटली थिजणारच. मग शुद्धता कळली कुठे?

उलट समजही आहे: ‘मेण घातलंय म्हणून गोठलं.’ तोही चुकीचा. बाटली कोमट पाण्यात ठेवा, तेल पुन्हा पातळ होतं, वासही तोच. अवस्था बदलली, पदार्थ नाही.

एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. अर्धवट थिजलेल्या बाटलीत पांढरे कण हळूहळू तळाशी बसतात. पाण्यावर बर्फ तरंगतो. इथे मात्र घन तेल द्रव तेलापेक्षा जड, म्हणून बुडतं. घनता शिकवायला याहून चांगलं साधन घरात सापडायचं नाही.

भेसळीचा निकाल हवा असेल तर प्रयोगशाळेत आयोडीन मूल्य (तेल किती असंतृप्त आहे याचं माप) आणि मेदाम्लांचं प्रमाण तपासून घ्यावं लागतं. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवूनही तेल पातळच राहिलं, तर मात्र शंका जरूर घ्या.